समक्षचा रकाना

आमच्या विभागात दोन प्रकारची माणसं होती: सिस्टरांना घाबरणारी, आणि आपण सिस्टरांना घाबरत नाही असं सगळ्यांना सांगत फिरणारी. मी दुसऱ्या प्रकारातली. आज माझ्या हाताखाली पाच विद्यार्थी पीएचडी करतात आणि त्यांच्यासमोर मी बऱ्यापैकी कडक वागते, पण आतून मी कधीच पहिल्या प्रकारात जाऊन बसले आहे.

विभागाच्या दारावरचं नाव इतकं लांबलचक होतं की पाटी रंगवणाऱ्याला शेवटची अक्षरं दाटीवाटीनं बसवावी लागली होती. अर्थ मात्र साधा. प्रयोगशाळेत जे सापडतं ते आजारी माणसाच्या उपयोगी पडलं पाहिजे, नुसतं छापून येऊन भागणार नाही. म्हणून आमची जागा रुग्णालयाच्या आवारातच होती, तळमजल्यावर, धुलाईघराला लागून. भिंतीपलीकडे चादरी वाळवणारी यंत्रं घरघरत आणि अलीकडे आमचे पाच फ्रीजर, उणे ऐंशी अंशांचे. रुग्णांच्या रक्ताची सगळी सॅम्पल त्यात असत. त्या खोलीवर सिस्टरांचं राज्य होतं.

वॉर्डात बावीस वर्षं नर्स म्हणून काढल्यावर पाठीनं असहकार पुकारला, तेव्हा त्यांना खाली आमच्याकडे पाठवलं गेलं. खाली पाठवलं म्हणजे बाजूला सारलं, असं पाठवणाऱ्यांना वाटलं असेल. सिस्टरांनी पहिल्या आठवड्यात पाचही फ्रीजर रिकामे करून पुन्हा लावले आणि दुसऱ्या आठवड्यात आमच्या विभागप्रमुखांना खोलीबाहेर चपला काढायला लावल्या. बुटक्या, रुंद खांद्यांच्या, घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला. यजमान बसच्या आगारात गाड्यांच्या वेळा लावत. "आमच्याकडे दोघंही मिनिटावर जगतो," त्या सांगत. "आणि चिरंजीव? जन्मालाच अकरा दिवस उशिरा आले. अजून भरून काढतायत."

विभागात येणाऱ्या प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला सिस्टर एक काम लावत. त्याला आम्ही 'फेरी' म्हणायचो. पहाटे साडेपाचला हृदयविकाराच्या मोठ्या वॉर्डात हजर व्हायचं, रुग्णाच्या पलंगाशी उभं राहून रक्त काढताना बघायचं, ती नळी स्वतःच्या हातानं खाली आणायची, यंत्रात फिरवायची, वर जमलेला पिवळा द्रव छोट्या कुप्यांमध्ये भरायचा, नावं चिकटवायची, कुप्या फ्रीजरमध्ये ठेवायच्या. सगळं घड्याळ लावून. मग एका जाडजूड रजिस्टरमध्ये नोंद. वॉर्ड, रक्त काढल्याची वेळ, फ्रीजरमध्ये ठेवल्याची वेळ, विद्यार्थ्याची सही. आणि शेवटी एक अरुंद रकाना, 'समक्ष'. त्यात सिस्टरांची सही, म्हणजे हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर झालं.

हे खूळ कुठून आलं तेही त्या सांगत. वॉर्डात एक म्हातारी होती, शीर सापडता सापडेना. एका अभ्यासासाठी तिला तीन दिवसांत तीनदा टोचलं, कारण पहिल्या दोन नळ्या कुणीतरी टेबलावर विसरलं होतं. तिसऱ्यांदा सुई लावताना तिनं विचारलं, "अगं, आधीचं कुठं सांडलंस?" ती नळी सिस्टरांनी स्वतः खाली नेली. "तेव्हापासून ठरवलं," त्या म्हणत, "रक्त दुसऱ्याचं असतं. हात थरथरले पाहिजेत घेताना. तुमच्यातल्या एकाचेही थरथरत नाहीत."

माझे तर अजिबात थरथरत नव्हते. मी सुवर्णपदक घेऊन आले होते आणि ते दिसावं अशी चालत होते. साडेपाचला उठून नळ्या वाहणं हे माझ्या मते हमालीचं काम होतं. माझ्या गाइड सरांनीही सिस्टरांना माझ्या फेरीच्या आदल्या दिवशी सांगून ठेवलं होतं, "हुशार मुलगी आहे, तिचा वेळ खाऊ नका." त्यात नेमका त्या दिवशी पहाटेच फ्रीजर दुरुस्तीवाला आला आणि सिस्टर त्याच्यात अडकल्या. मी नवाला आरामात उगवले, रजिस्टर उघडलं आणि ठोकून दिलं: रक्त काढलं पाच बत्तीस, फ्रीजरमध्ये पाच चव्वेचाळीस. खाली झोकात सही.

"तुम्ही कामात होतात, म्हणून वरच्या नर्सबरोबर केली फेरी," मी म्हणाले.

सिस्टरांनी पान पाहिलं. मग मला पाहिलं. दुरुस्तीवाला मागून ओरडत होता, त्याला पाना हवा होता. त्यांनी 'समक्ष'मध्ये सही केली आणि रजिस्टर मिटलं. मी मनात म्हटलं, बघा, एवढा बाऊ करतात लोक या बाईंचा.

पुढची साडेतीन वर्षं मी गाढवासारखी राबले, हे मात्र खरं. माझा विषय होता थकलेलं हृदय. ते निकामी व्हायला लागलंय हे रक्तातल्या एका प्रथिनावरून आधीच ओळखता येईल का, हे मला शोधायचं होतं. एकशे सव्वीस रुग्ण, तीन वॉर्ड: सौम्य आजाराचा, मध्यम आजाराचा आणि गंभीर. शिवाय चाळीस निरोगी माणसं, म्हणजे आमच्याच विभागातले लोक आणि त्यांचे नातेवाईक. त्यांचं रक्त आमच्याच खोलीत काढलं जायचं. वॉर्डातल्या नळ्या ट्रेवाले मामा सकाळी दहाला आणून द्यायचे. मी त्या लगेच फिरवायचे, कुप्या भरायचे आणि सिस्टरांच्या खिडकीत द्यायचे. फॉर्मवर 'रक्त काढल्याची वेळ' असा चौकोन होता. मी त्यात बिनदिक्कत दहा लिहायचे. पहाटेचं रक्त फक्त फेरीपुरतं, आणि नळी दहाला आली म्हणजे दहाच्या आसपासच काढली असणार, असं माझं सुवर्णपदकी डोकं म्हणत होतं. मामांच्या ट्रेला वॉर्डाची चिठ्ठी टाचलेली असायची. ती मी न वाचता कचऱ्यात टाकायचे.

आणि निकाल काय सुंदर आला! निरोगी माणसांत प्रथिन कमी, सौम्य आजारात थोडं वाढलेलं, मध्यम आजारात जास्त, गंभीर आजारात सगळ्यात जास्त. आलेखावर चार पायऱ्या, जिना चढावा तशा. सरांनी मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि मी तिथेच मुक्काम ठोकला. पेपर लिहून तयार झाला. शिवाय सरांनी रुग्णालयापुढे प्रस्ताव ठेवायचं ठरवलं: चारशे रुग्णांचं हे प्रथिन मोजायचं, आणि ज्यांचं जास्त येईल त्यांना एक जालीम औषध लगेच सुरू करायचं. मूत्रपिंडांवर ताण देणारं औषध, पण हृदय वाचत असेल तर चालेल असं.

प्रस्तावाच्या आठ दिवस आधी मी विभागाच्या सेमिनारमध्ये तो जिना दाखवला. टाळ्या झाल्या. सिस्टर नेहमीप्रमाणे शेवटच्या बाकावर होत्या. त्या प्रत्येक सेमिनारला येत आणि एकही प्रश्न विचारत नसत. त्या दिवशी त्यांनी हात वर केला.

"रक्त काढलं किती वाजता?"

मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. मी गोड आवाजात म्हणाले, "दहा वाजता, सिस्टर."

"तिन्ही वॉर्डांत?"

"हो, तिन्ही वॉर्डांत."

त्या खाली बसल्या. मला वाटलं, मिटलं. सेमिनार संपल्यावर मात्र त्या कॉरिडॉरमध्ये उभ्याच होत्या. "उद्या साडेपाचला वर ये," त्या म्हणाल्या. "यावेळी खरंच ये."

ते 'खरंच' डोक्यात घेऊनच मी दुसऱ्या दिवशी पाच वाजून पंचवीस मिनिटांनी गंभीर वॉर्डाच्या, म्हणजे फेरीच्याच त्या मोठ्या वॉर्डाच्या दारात उभी राहिले. नर्स रक्त काढत होती. डॉक्टरांची पहिली फेरी इथे साडेसहाला, म्हणून रक्त सगळ्यात आधी. नळ्या ट्रेमध्ये, ट्रे खिडकीत. सात वाजता सिस्टरांनी मला मध्यम वॉर्डात नेलं. तिथे तेव्हा रक्त काढायला सुरुवात होत होती. साडेआठला सौम्य वॉर्ड. तिथले रुग्ण चहा पिऊन, गप्पा मारून, मग हात पुढे करत होते. साडेनऊला मामा निघाले, तिन्ही खिडक्यांमधले ट्रे उचलत दहाला खाली पोचले. माझ्या पायाखालची जमीन सरकली म्हणतात ना, ती हळूहळू, वॉर्डागणिक सरकत गेली. साडेचार तास, तीन तास, दीड तास. आणि निरोगी माणसांची नळी काढल्या काढल्या यंत्रात.

"पेशी नळीत बसून राहिल्या की आतलं बाहेर सोडायला लागतात," सिस्टर म्हणाल्या. "हे मी पुस्तकात नाही वाचलं. बावीस वर्षं पाहिलंय, सकाळची नळी दुपारी लालसर होते. तुझा जिना आजाराचा आहे की आमच्या ड्युटीच्या वेळापत्रकाचा, ते तू मला सांग."

मी भांडले. खूप भांडले. इतर पेपरांचे दाखले दिले, आकडे तोंडावर फेकले. त्या शांतपणे ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "बाही वर कर."

आधी त्यांनी माझ्याकडून संमतीपत्रावर सही घेतली. माझ्याच अभ्यासासाठी, माझ्याच रक्ताला, माझीच संमती! मग चार नळ्या काढल्या. एक लगेच फिरवली, दुसरी दीड तासानं, तिसरी तीन तासांनी, चौथी साडेचार तासांनी, मधल्या वेळात ट्रे खिडकीत. दुसऱ्या दिवशी मी मोजणी केली. पहिल्या नळीप्रमाणे मी ठणठणीत होते. दुसरीत मला सौम्य आजार झाला, तिसरीत मध्यम. चौथ्या नळीप्रमाणे मला तातडीनं भरती करून ते जालीम औषध सुरू करायला हवं होतं. तीस वर्षांची, दोन मजले पळत चढणारी बाई मी. मोजणी चुकली असेल म्हणून पुन्हा केली. तोच जिना, त्याच पायऱ्या.

त्या दुपारी मी फ्रीजरांच्या खोलीत जमिनीवर बसून रडले. साडेतीन वर्षांवर पाणी पडलं होतं. आईला फोन करून पेपर छापून येणार म्हणून सांगितलेलं, तिनं तिच्या भावंडांना, त्यांनी शेजारपाजारी. सिस्टरांनी मला रडू दिलं. मग कपाटावरून रजिस्टर काढलं आणि माझं पान समोर धरलं. पाच बत्तीस ते पाच चव्वेचाळीस.

"बारा मिनिटं," त्या म्हणाल्या. "नळी फिरवायलाच पंधरा लागतात, बाई."

ती नोंद ठोकली तेव्हा मला हेसुद्धा माहीत नव्हतं. शरमेनं कानशिलं तापली आणि तापल्यावर माझं होतं तेच झालं, मी उलटले. "मग तुम्ही सही कशी केलीत? समक्ष म्हणून?"

सिस्टरांनी पानावरची आपली सही पाहिली. मी त्यांना निरुत्तर झालेलं पाहिलं ते तेवढंच, आणि खरं सांगते, त्या क्षणी मला बरं वाटलं. मी पान फाडायला हात घातला, तर त्यांनी माझं मनगट धरलं. "फाडायचं नाही, खोडरबर नाही, पांढरा रंग नाही. एक रेघ मारायची. खालचं वाचता आलं पाहिजे. वर खरं काय ते लिहायचं, तारीख, सही. माणूस चुकतो, त्याचं काही नाही. चुकलेलं दिसलं पाहिजे."

मी रेघ मारली. वर लिहिलं, 'फेरी केली नाही.' दुसऱ्या दिवशी पहाटे खरी फेरी केली, सिस्टर पाठदुखी घेऊन माझ्याबरोबर सगळे जिने चढल्या-उतरल्या. सदतीस मिनिटं. त्या ओळीपुढे त्यांनी समक्ष सही केली. जुन्या ओळीपुढची त्यांची सही तशीच राहिली. मला ती दिसली होती. विचारायची माझी छाती झाली नाही.

आता सरांना सांगायचं होतं. पेपर पाठवायचा राहिला होता, प्रस्ताव चार दिवसांवर. गप्प बसले असते तर पदवी खिशात होती. सिस्टरांनी मला 'सांग' असं एकदाही म्हटलं नाही, हे मुद्दाम नोंदवते, कारण पुढे विभागात उलटीच कहाणी पसरली. मला आठवत राहिली ती चौथी नळी. त्या नळीच्या जोरावर एखाद्या धडधाकट माणसाच्या मूत्रपिंडांवर औषधाचा मारा झाला असता. माझ्यासारख्याच कुणाच्या.

सरांनी माझे चार आकडे पाहिले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा पाहिले. "आत्ता सांगतेस?" ते गरजले. मग खिडकीबाहेर वाळत घातलेल्या एप्रनांकडे बघत म्हणाले, "मी तरी कधी विचारलं, किती वाजता म्हणून?" त्यांनी प्रस्ताव मागे घेतला. मोठा माणूस. त्यानंतर महिनाभर माझ्याशी धड बोलले नाहीत, तेही सांगते.

मला प्रबंधासाठी वाढीव वर्ष हवं होतं. त्यासाठी समितीपुढे उभं राहावं लागलं. सहा जण, लांब टेबल. मधोमध रुग्णालयाचे ज्येष्ठ सर्जन, ज्यांच्या स्वतःच्या संशोधनाची सॅम्पल आमच्या तिसऱ्या फ्रीजरमध्ये होती. सिस्टर नोंदी दाखवायला म्हणून दाराशी खुर्ची घेऊन बसल्या होत्या. मी चारही नळ्यांचे आकडे दाखवले, रक्त काढल्याची वेळ लिहिलेल्या चिठ्ठ्या न वाचता फेकल्याचं सांगितलं, फॉर्मवर दहा लिहिल्याचंही.

"म्हणजे साडेतीन वर्षांत आपण नेमकं शोधलंत काय?" सर्जनसाहेबांनी विचारलं.

माझ्या तोंडून निघालं ते खरं निघालं. "हेच, की आपल्या नळ्या साडेचार तास खिडकीत बसतात."

"आपल्या? तुमच्या म्हणा."

दाराशी खुर्ची सरकली. सिस्टर उभ्या राहिल्या, मनगट उलटं करून घड्याळ पाहिलं, जणू काही हे बोलायची वेळ ठरलेलीच होती.

"सगळ्यांच्याच, साहेब. एकाच ट्रेमधून येतात. तुमच्यासुद्धा."

साहेब लाल झाले, मग हसायला लागले आणि हसता हसता गंभीर झाले. "माझ्या किती वाजता काढतात?" त्यांनी विचारलं. सिस्टरांनी वॉर्डासकट सांगितलं.

मला वर्ष मिळालं. रक्त फिरवायचं एक लहान यंत्र मिळालं, ढकलगाडीवर बसवलेलं. मी ते ढकलत दररोज पहाटे साडेपाच ते साडेआठ तिन्ही वॉर्ड करायचे. काढल्या काढल्या फिरवलेल्या रक्तात माझ्या प्रथिनाचा जिना सपाट निघाला. एक पायरी शिल्लक राहील अशी वेडी आशा होती, तीही गेली. प्रबंध शेवटी त्या खिडकीतल्या साडेचार तासांवरच झाला: कुठलं प्रथिन किती वेळात किती फसवतं. दिपवून टाकणारं त्यात काही नाही. पण विभागातले आणखी तीन जण त्या तक्त्यांमुळे वेळीच थांबले, सर्जनसाहेब चौथे. पदवी मिळाली तेव्हा आईनं विचारलं, "म्हणजे नक्की काय सापडलं?" मी म्हटलं, "घड्याळ." ती म्हणाली, "एवढी वर्षं घालवून?" मी म्हटलं, "हो." मला त्याची जराही लाज वाटली नाही, आजही वाटत नाही.

पुढे त्याच विभागात मला नोकरी लागली. माझ्याकडचा प्रत्येक विद्यार्थी पहिल्या आठवड्यात फेरी करतो आणि फेरीआधी मी त्याला रजिस्टरमधलं ते पान दाखवते, माझ्या झोकदार सहीवरची रेघ दाखवते. पोरं आधी हसतात, मग हसत नाहीत. शेजारची सिस्टरांची सही मात्र मी अंगठ्याखाली झाकून धरत असे. कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या उद्धटपणाला त्या दिवशी त्यांनी उत्तर दिलं नव्हतं, त्याची माझ्याकडून एवढी भरपाई.

सिस्टर निवृत्त झाल्या त्या दिवशी समारंभ वगैरे त्यांनी होऊ दिला नाही. दुपारी चारपर्यंत फ्रीजरांचं तापमान लिहिलं, पाच किल्ल्या माझ्या हातात मोजून दिल्या. यजमान बाहेर बाकावर येऊन बसले होते, नेहमीप्रमाणे दहा मिनिटं आधी. चिरंजीव यायचे होते. मग त्यांनी रजिस्टर खाली काढलं. पान शोधावं लागलं नाही, इतक्या वेळा दाखवून ते आपोआप तिथेच उघडायचं.

"अंगठा ठेवतेस म्हणे इथे," त्या म्हणाल्या. "पोरं सांगतात मला."

मी अंगठा मुठीत लपवला.

"मला त्याच वेळी कळलं होतं. बारा मिनिटं वाचली आणि कळलं. तुझे सर म्हणाले होते वेळ खाऊ नका, तो मेकॅनिक ओरडत होता, आणि तू अशी नाक वर करून उभी. म्हटलं, जाऊ दे. तुझी साडेतीन वर्षं माझ्या त्या 'जाऊ दे'मुळे गेली. समितीसमोर सगळ्यांचं बोलले, हे नाही बोलले. धीर नाही झाला."

त्यांनी पेन उघडलं. आपल्या सहीवर एक रेघ मारली, खालची सही वाचता येईल अशी. वर सावकाश लिहिलं, 'समक्ष नव्हते. तरी सही केली.' तारीख घातली, सही केली, मनगट उलटं करून घड्याळ पाहिलं आणि वेळही लिहिली. चार वाजून अकरा मिनिटं.

मग पेन माझ्यापुढे धरलं आणि त्या ओळीच्या शेवटी, जिथे आता जागाच उरली नव्हती तिथे, बोट ठेवलं.

"बघत होतीस ना? मग कर सही. समक्ष."

मी बघत होते. डोळे भरून आले होते, पण बघत होते. मी सही केली.